जपानी बाग : पुण्यातली, टोकियोतली आणि आपल्या चौकातली

उन्हाळ्याची सुट्टी आणि थंडीतल्या सहली या दोन्हींच्या आधी आमच्याकडे बागांविषयीची पत्रे वाढतात. या वेळी आलेल्या पत्रांत जपानी बागेचे प्रश्न जास्त होते. काहींना ती पाहायची आहे, काहींना घरी करायची आहे. उद्यानविषयक सल्लागारांनी दिलेली उत्तरे पुढे देत आहोत.

पुण्याच्या पु. ल. देशपांडे उद्यानाबद्दल खूप ऐकले होते. गेल्या महिन्यात सहकुटुंब जाऊन आलो. हिरवळ, ओढा, पूल, रंगीत मासे, सगळे अर्ध्या तासात पाहून झाले. सुंदर आहे, पण एवढे नावाजण्यासारखे काय, ते कळले नाही. आमचे काय पाहायचे राहिले?
*– एक वाचक, जळगाव*

तुमचे वेळेचे गणित चुकले. ही बाग ओकायामा शहरातल्या कोराकुएन या बागेवरून बेतलेली आहे. पुण्याच्या बागेचा विस्तार सुमारे दहा एकर आहे. मूळ कोराकुएनचे काम इकेदा त्सुनामासा या सरदाराने १६८७ मध्ये सुरू केले आणि १७०० मध्ये ते पुरे झाले. १८८४ पासून ती सर्वांसाठी खुली आहे. जपानमधल्या तीन सर्वश्रेष्ठ मानल्या जाणाऱ्या बागांपैकी ती एक. तिची जातकुळी फिरत फिरत पाहायच्या बागेची आहे. एका जागी उभे राहून सगळे दिसावे, अशी तिची रचनाच नसते.

अशा बागेत वाट सरळ जात नाही. प्रत्येक वळणावर आधीचे दृश्य झाडामागे, उंचवट्यामागे किंवा खडकामागे जाते आणि नवे थोडेसेच पुढे येते. पुढच्या वेळी एक प्रयोग करा. तळ्याकाठचे कोणतेही एक वळण निवडा आणि थांबून समोर काय दिसते ते नीट पाहा. मग दहा पावले चालून पुन्हा थांबा. काय लपले, काय नव्याने दिसू लागले, तेवढेच शोधा. मघाशी पुरा दिसणारा पूल आता अर्धाच दिसतो, ज्या खडकाची पाठ दिसत होती त्याची धार पुढे येते, आणि जे पाणी सपाट तळे वाटत होते ते मागे वळून ओढ्याला मिळालेले असते. हे सगळे जाणूनबुजून घडवलेले असते. भरभर चालणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही, कारण दोन दृश्यांमधला बदल डोळ्यांत भरायला मध्ये थांबावे लागते.

कुठे थांबायचे, तेही बाग सांगते. वाट जिथे अरुंद होते किंवा पूल लागतो, तिथे माणूस आपोआप पायांकडे बघतो. ती अडचण ओलांडून मान वर केली की समोर हमखास काहीतरी मुद्दाम मांडलेले असते. पायटप्प्याच्या दगडांत मधेच एखादा मोठा, सपाट दगड येतो, तोही दोन्ही पाय टेकवून उभे राहण्यासाठीच असतो.

आता शांततेबद्दल. सिंहगड रस्ता काही शांत नाही. बागेबाहेरची रहदारी थांबत नाही, तरी आत ती जाणवेनाशी होते. यात दोन गोष्टींचा हात आहे. मातीचे उंचवटे आणि दाट झाडी आवाज काही प्रमाणात अडवतात, पण त्यांचे मोठे काम वाहने नजरेआड करण्याचे आहे. आवाजाचे मूळ दिसत नसले की तो कमी त्रास देतो. दुसरी गोष्ट पाण्याची. बागेत कालव्याचे पाणी खेळवले आहे आणि जिथे ते दगडांवरून उतरते तिथला खळखळाट रहदारीच्या आवाजावर पांघरूण घालतो. मात्र त्यासाठी पाण्याजवळ जायला हवे. उतारापासून दोन-तीन मीटरवर बसलात तर पाणीच ऐकू येते. वीस मीटरवर बसलात तर पाणीही आणि हॉर्नही. बहुतेक लोक लांबच्या बाकावर बसतात आणि बाग गजबजलेली आहे म्हणून परततात.

जपानी बागेत आणखी एक रीत असते. बाहेरचा डोंगर, किल्ला, देवळाचे शिखर बागेच्या चित्रात ओढून घ्यायचे. ओकायामाच्या कोराकुएनला नदीपलीकडचा काळ्या भिंतींचा किल्ला अशी पार्श्वभूमी देतो. पुण्यात पर्वतीची टेकडी जवळच आहे. कोणत्या वळणावरून ती बागेचाच भाग वाटते, हे मुलांना शोधायला सांगा. मुलांना हे काम फार आवडते आणि ती धावाधाव करायची थांबतात.

बागेतल्या उंचवट्यावर सुरुवातीलाच चढू नका. तिथून पुष्कळसे एकदम दिसते आणि मग खालची वळणे फिकी पडतात. तळ्याची फेरी आधी, उंचवटा शेवटी. फेरीला निदान दीड तास द्या आणि पहिली फेरी मोबाईल खिशात ठेवून करा.

आमचा भिशीचा गट डिसेंबरात पुण्याला निघाला आहे. आम्ही बावीस जणी. भरीत-पुरीचा डबा नेऊन बागेतल्या हिरवळीवर बसायचा बेत आहे. जमेल का? दोघींचे गुडघे दुखतात.
*– एक वाचक, पाचोरा*

हिरवळीवर पंगत जमणार नाही. खाण्याचे पदार्थ आत नेऊ देत नाहीत आणि हिरवळ तुडवायलाही मनाई असते. सांडलेले अन्न पाण्यात गेले की तळे गढूळ होते, मासे मरतात, हे त्यामागचे कारण आहे. भरीत बागेनंतर खायचे ठेवा. वांग्याचे भरीत चार तास थांबले तर बिघडत नाही, फक्त कच्चा कांदा आणि पात वेगळ्या डब्यात न्या.

दुपारी बाग बंद असते, हे लक्षात न घेतल्याने पुष्कळ लोक दारावरून परत जातात. खान्देशातून रात्रीची बस पहाटे पुण्यात पोचते, ते तुमच्या पथ्यावर पडेल. स्वारगेटहून बाग जवळ आहे. आवरून सकाळी लवकरच शिरा. डिसेंबरच्या सकाळी ऊन तिरपे असते, त्यामुळे झाडांच्या सावल्या पाण्यावर लांब पडतात आणि बागेचे उंच-सखल रूप नीट दिसते. शनिवार-रविवार टाळा. वेळा बदलत असतात, म्हणून निघण्याआधी महापालिकेकडून खात्री करून घ्या.

बावीस जणींनी एकत्र फिरू नका. पाच-पाच जणींचे गट करून दहा मिनिटांच्या अंतराने निघा. गुडघेदुखीवाल्यांनी उंचवटा सोडून द्यावा, सपाट वाटेवरून तळ्याची फेरी पुरेशी आहे. कमानीच्या पुलाचा चढ छोटा असला तरी उतरताना गुडघ्यावर जास्त भार येतो, तेव्हा कठडा धरून, दुखरा पाय आधी खाली टाकत उतरावे. दवाने दगड ओले असतात. गुळगुळीत तळाच्या चपला नकोत.

मुलगा टोकियोत नोकरीला आहे. नोव्हेंबरअखेर आम्ही दोघे जाणार आहोत. बागांसाठी एकच दिवस मिळेल. त्या गर्दीच्या शहरात कोणती बाग पाहावी? तिथले काही नियम असतात का?
*– एक वाचक, धुळे*

नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरची सुरुवात हा टोकियोत मेपलची पाने लाल होण्याचा काळ. सकाळी नऊला रिकुगिएन गाठा. यामानोते रेल्वेमार्गावरच्या कोमागोमे स्थानकाहून पायी सात-आठ मिनिटे. १७०२ साली पुरी झालेली ही बाग मधल्या मोठ्या तळ्याभोवती फिरत पाहायची आहे. दोन तास द्या. मग त्याच रेल्वेमार्गाने शिम्बाशीला उतरा आणि चालत हामा-रिक्यू या दुसऱ्या बागेत जा. इथले तळे खाऱ्या पाण्याचे आहे. टोकियोच्या खाडीतले पाणी दरवाजांतून आत-बाहेर सोडतात, म्हणून भरती-ओहोटीप्रमाणे काठ बदलतो. पाठीमागे शिओदोमेच्या उंच इमारती थेट बागेवर येतात. काहींना ते खटकते. आमच्या मते शहरातली बाग म्हणजे काय, हे यापेक्षा चांगले कुठे समजत नाही. प्रवेशशुल्क दोन्हीकडे मोठ्यांना ३०० येन, ६५ वर्षांवरील व्यक्तींना निम्मे, म्हणून पासपोर्ट जवळ ठेवा. बाग पाचला बंद होते, शेवटचा प्रवेश साडेचारला. त्या दिवसांत सूर्यही साडेचारच्या सुमारास मावळतो, त्यामुळे दुपार लांबवू नका.

हामा-रिक्यूच्या तळ्यातल्या चहाघरात माचा, म्हणजे हिरव्या चहाच्या पुडीचा चहा, मिळतो. सोबतचा गोड पदार्थ आधी खायचा आणि मग चहा घ्यायचा, कारण चहात साखर नसते आणि तो कडसर असतो. गोड पदार्थ बहुधा अझुकी नावाच्या लाल कडधान्याच्या पुरणाचा असतो. तरी पक्के शाकाहारी असाल तर मुलाला विचारून घ्यायला सांगा.

नियमांचे म्हणाल तर वाटेच्या मधोमध नारळाएवढा दगड काळ्या दोरीने चौफेर बांधून ठेवलेला दिसला, तर ती वाट बंद आहे असे समजायचे. पाटी नसते. तो ओलांडायचा नाही आणि उचलून बाजूलाही ठेवायचा नाही. दगडी कुंडी आणि बांबूचा ओगराळा असेल तर आधी उजव्या हाताने ओगराळा धरून डावा हात धुवावा, मग हात बदलून उजवा. चूळ भरायची तर पाणी डाव्या ओंजळीत घ्यावे, ओगराळ्याला तोंड लावू नये आणि चूळ कुंडीत नव्हे, बाहेर टाकावी. शेवटी ओगराळा उभा धरला की उरलेले पाणी दांड्यावरून ओघळते आणि पुढच्यासाठी दांडा धुतला जातो.

भुसावळला घराच्या मधोमध १० बाय १२ फुटांचा उघडा चौक आहे. तिथे जपानी पद्धतीची खडीची बाग करायची आहे. नर्सरीवाल्याने पांढरी संगमरवरी खडी, सिमेंटचा दिवा, बुद्धाची मूर्ती आणि जपानी मेपल असे अंदाजपत्रक दिले आहे. योग्य आहे का?
*– एक वाचक, भुसावळ*

चारही गोष्टी वगळा. मेपल आपल्या मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या झळांत टिकत नाही. पानांच्या कडा आधी करपतात, मग फांद्या वाळतात. मूर्ती आणि दिवा ठेवल्याने बाग जपानी होत नाही. पांढरी खडी भुसावळच्या उन्हात इतकी चकाकते की अकरा ते चार चौकाकडे पाहवत नाही, शिवाय उष्णता भिंतींवर फेकते. या बागेचा जीव दगडांच्या मांडणीत असतो, आणि दगडाला खान्देशात तोटा नाही.

आधी जमीन पाहा. खाली काळी माती असेल तर ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वर्षभरात दगड कलतात, खडी भेगांत जाते. म्हणून एक फूट खोदून माती काढा आणि मुरूम भरा. चौकाचे क्षेत्र १२० चौरस फूट, म्हणजे भराव १२० घनफुटांचा. धुम्मस केल्यावर मुरूम दबतो, तेव्हा दीड ब्रास (१५० घनफूट) मागवा. दोन थरांत, प्रत्येक थर पाणी मारून ठोका. मोरीच्या दिशेने दहा फुटांत सव्वा इंच उतार ठेवा. वर न विणलेले जिओटेक्स्टाईल, म्हणजे पाणी जिरू देणारे कापड, अंथरा. पैसे वाचवायला प्लास्टिक अंथरतात, ती मोठी चूक. पाणी जिरत नाही, खडीखाली कुजते आणि चौकाला वास येतो.

दगड खडीच्या आधी बसवायचे. एवढ्या जागेत तीन पुरेत : एक उभट, एक आडवा, एक बुटका सपाट. शेतात विहीर खोदताना निघालेले जुने दगड बांधावर पडून असतात, त्यांतले ऊन-पावसाने रंग बदललेले निवडा. शेतमालकाला विचारून घ्या. नदीपात्रातून किंवा टेकडीवरून परवानगीवाचून उचलू नका. सुरुंगाने नुकताच फुटलेला धारदार दगड बागेत कच्चा दिसतो. दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि तेवढाच उंच असा गोलसर काळा दगड दोनशे किलोच्या आसपास भरतो. चौकात शिरायच्या दाराची रुंदी आधी मोजा, चार माणसे, पहारी आणि साखळी-पुली ठेवा. चौक जमिनीवर नसून स्लॅबवर असेल तर अभियंत्याला विचारल्याखेरीज काहीच सुरू करू नका.

प्रत्येक दगडाचा निदान एक तृतीयांश भाग जमिनीत गाडायचा. न गाडलेला दगड आणून ठेवल्यासारखा दिसतो, गाडलेला जमिनीतून वर आल्यासारखा. तिघांचा त्रिकोण असमान हवा आणि मोठा दगड चौकाच्या मध्यावर नको. गाडण्याआधी घरातली माणसे रोज जिथे बसतात त्या जागी, ओट्यावर किंवा झोपाळ्यावर, बसून पाहा. ही बाग उभे राहून नव्हे, बसल्या नजरेने पाहायची असते. उभ्याने पाहून बसवलेले दगड बसल्यावर एकमेकांना झाकतात. ही तक्रार इतक्यांदा येते, म्हणून आग्रहाने सांगत आहोत. क्योटोच्या र्योआनजी मंदिरात सुमारे २५ बाय १० मीटरच्या खडीत १५ दगड आहेत, आणि ओसरीवर कुठेही बसले तरी एक तरी दगड दुसऱ्याआड राहतो. झाकणे हवे तिथेच असेल तर शोभते.

आता खडी. आपल्याच काळ्या पाषाणाची, ६ ते १० मिलिमीटरची, कोनदार. या खडीवर दाताळ्याने रेघा ओढायच्या असतात, आणि गोल गोटे रेघ धरत नाहीत, घरंगळतात. अडीच इंचांचा थर म्हणजे २५ घनफूट, पाव ब्रास, वजन साधारण एक टन. थर याहून पातळ झाला तर दाताळे कापडात अडकते. अंथरण्याआधी चाळणीवर पाणी सोडून खडी धुवा. क्रशरची भुकटी राहिली तर पहिल्या पावसात तिचा लगदा होतो, वाळून पापडी धरते आणि मग रेघा उमटत नाहीत. काळी खडी तापते, हेही खरे. पश्चिमेकडून ऊन येत असेल तर त्या बाजूला बांबूचा ताटवा लावा.

दाताळे सुताराकडून करून घ्या. दीड फूट रुंद फळीला सव्वादोन-अडीच इंचांवर सहा-सात लाकडी दात. आधी पाने हाताने वेचा. मग दगडांभोवती दोन-तीन वर्तुळे काढा, नंतर लांबच्या भिंतीकडून मागे मागे येत सरळ रेघा ओढत ओट्याशी संपवा, म्हणजे पाऊलखुणा राहत नाहीत. आठवड्यातून एकदा पुरे, पावसाळ्यात तण उपटताना दोनदा. वर कडुनिंबाची फांदी आलेली असेल तर चैत्रात रोज मोहोर वेचावा लागेल, तेव्हा ती आधीच छाटा.

शेवाळ आपल्याकडे उन्हाळ्यात जगत नाही. सावलीच्या कोपऱ्यात मोंडो गवत चालते. झाड एकच लावा. कुंती सोपी, सुवासिक आणि छाटणी सोसणारी. धीर असेल तर अंजन लावा. सातपुड्याच्या या झाडाला आपला उन्हाळा नवा नाही, वाढ सावकाश असते आणि जोडपाने फार देखणी असतात. चौकात त्याला दरवर्षी छाटून आवरावे लागेल, मुळांसाठी भिंतीपासून निदान पाच फूट अंतरही ठेवावे लागेल. इतके नको वाटले तर कुंतीच बरी. छाटताना पानांचा गोळा करू नका. आतल्या आडव्या-तिडव्या फांद्या काढून खोड दिसू द्या.

अंगणात १० बाय ६ फुटांचे, ४ फूट खोल तळे करून कोई मासे सोडायचे आहेत. आमच्याकडे नळाला चार दिवसांआड पाणी येते. किती मासे सोडावेत?
*– एक वाचक, शहादा*

तुमच्या तळ्यात सुमारे ६,८०० लिटर पाणी मावेल. कोई दोन फुटांपर्यंत वाढतो, एका मोठ्या माशाला हजार लिटर धरले तर सहा मासे, जास्त नाही. पण आधी पाण्याचा हिशेब करा. मे महिन्यात उघड्या पाण्यावरून दिवसाला साधारण एक सेंटीमीटर वाफ होते. तुमच्या तळ्याचे रोजचे ५५ लिटर. नुसती भर घालत राहिले तर क्षार साठत जातात, म्हणून आठवड्याला दहा टक्के, म्हणजे ६८० लिटर पाणी बदलावेही लागते. महिन्याकाठी साडेचार हजार लिटर झाले. बदललेले पाणी झाडांना घालता येते, तरी ते आधी आणायचे कुठून, हा प्रश्न उरतोच.

दुसरी अडचण प्राणवायूची. २० अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. माशांची गरज मात्र उष्म्याने वाढते. रात्री पाणवनस्पतीही प्राणवायू ओढतात, त्यामुळे पहाटे तो सर्वांत कमी असतो. पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडू लागले की समजावे. अशात वीज गेली आणि बॅटरीचा हवापंप नसला तर मोठे मासे आधी जातात. नळाच्या पाण्यातले क्लोरीन कल्ल्यांना जाळते, ते सोडियम थायोसल्फेटने काढल्याशिवाय पाणी सोडू नये. निम्म्या तळ्यावर सावली, तासाला साडेतीन हजार लिटर फिरवणारा पंप आणि उन्हाळ्यात फक्त सकाळी थोडे खाद्य, एवढे तरी हवेच.

चार दिवसांआड पाणी असताना आम्ही तळे सुचवणार नाही. कोरडा ओढा करा. दीड-दोन फूट रुंद वळणदार चर, तळाशी चपटे गोटे एकाच दिशेला कलते, वळणाच्या बाहेरच्या काठाला मोठे दगड आणि आतल्या काठाला बारीक खडी, जसे खऱ्या नदीत असते तसे. गच्चीच्या पन्हाळीचे पाणी त्यात सोडा आणि शेवटी शोषखड्डा घ्या. आषाढात ओढा खरोखर वाहील आणि विहिरीलाही पाणी जाईल.

दगडी कुंडीत बांबूच्या नळीतून पाणी पडते, अशी रचना अंगणात केली आहे. आरोग्य खात्याच्या ताई म्हणाल्या, डास होतील. वाहत्या पाण्यातही होतात का?
*– एक वाचक, अमळनेर*

ताईंचे बरोबर आहे. धार रात्री बंद केली की पाणी साचलेलेच असते. डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात, कुंडीच्या ओल्या काठावर अंडी घालतो आणि उन्हाळी हवेत आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो. आठवड्यातून एक दिवस कुंडी पूर्ण रिकामी करा, आतला काठ काथ्याने घासा, ऊन लागू द्या आणि मगच भरा. नुसते पाणी ओतून दिले तर काठाला चिकटलेली अंडी तशीच राहतात आणि पुन्हा पाणी भरले की फुटतात. पंपासाठी खाली पुरलेली टाकी असेल तर तिच्या झाकणाची फट बारीक जाळीने बंद करा. तिथे घासायला हात पोचत नसेल तर आरोग्य केंद्रातून गप्पी मासे आणून सोडा. चार-पाच पुरतात, मात्र त्या टाकीत ब्लीचिंग टाकू नका.